सेंट अँड्रूज की मसलबर्ग? मुलांकडे स्कॉटलंडला निघालेल्या गोल्फवाल्या नाशिककरांसाठी

मे-जून आला की आपल्याकडचे बरेच आईबाबा तिकडे मुलांकडे निघतात, आणि त्यात एडिनबरा-ग्लासगोवाले असले आणि बाबांना गोल्फचा किडा असला की प्रश्न ठरलेला असतो, एवढं लांब जातोच आहे तर गोल्फचं माहेरघर मानतात त्या सेंट अँड्रूजला खेळून यायचं का? आमच्या जॉगिंग ट्रॅकवर तर हा विषय दरवर्षी निघतो. ट्रॅक कुठला, तर आपल्या गोल्फ क्लब ग्राउंडचा, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा, जिथे रणजीच्या मॅचेस होतात, सकाळी निम्मं शहर चालायला येतं आणि गोल्फ मात्र कुणीच खेळत नाही.

तर माझं मत आधीच सांगून टाकतो, मग वाचायचं तर वाचा. सेंट अँड्रूजचं प्रसिद्ध मैदान म्हणजे ओल्ड कोर्स, तो बघायला जा आणि खेळायला एडिनबराजवळच्या मसलबर्गला जा. ज्यांचा हँडिकॅप, म्हणजे खेळाच्या दर्जाचा आकडा, खरंच बरा आहे आणि ज्यांना आयुष्यात एकदा ते करायचंच आहे त्यांनी उलटं करा, त्यांना मी काय कुणीच अडवू शकणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. गोल्फ म्हणजे मेंबरशिप, ओळख, वेटिंग लिस्ट, नाहीतर देवळालीला आर्मीतल्या कुणाच्या तरी ओळखीने खेळायचं, हे आपल्याकडचं झालं. तिकडे हे दोन्ही कोर्स पब्लिक आहेत. सेंट अँड्रूजची जमीन गावाची. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपला त्या जमिनीवर ससे पाळायची परवानगी हवी होती, ती मिळाली, पण त्याच कागदावर गावकऱ्यांचा तिथे गोल्फ आणि फुटबॉल खेळायचा हक्क लिहून घेतला गेला. पुढे १७९७ ला गाव कर्जात बुडालं आणि जमीन विकली, घेणाऱ्यांनी खरंच ससे सोडले, मग सशांवरून गोल्फवाल्यांची कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. १८९४ मध्ये टाऊन कौन्सिलने ती जमीन परत घेतली आणि १९७४ पासून पार्लमेंटच्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट सगळं बघतो. ओल्ड कोर्सच्या फोटोत मागे जी दगडी भारदस्त इमारत दिसते ती रॉयल अँड एन्शंट क्लबची, पण कोर्स त्यांच्या मालकीचा नाही, त्यांनाही तो गावासोबत वाटूनच घ्यावा लागतो. मला ही गोष्ट ओपन चॅम्पियनशिपपेक्षा, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या गोल्फ स्पर्धेपेक्षा, जास्त आवडते.

मसलबर्ग त्या मानाने गरीब भाऊ. एडिनबरापासून पूर्वेला दहाएक किलोमीटर, समुद्रकाठी, नऊच होल (पूर्ण कोर्स अठराचा असतो), आणि तेही घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत. म्हणजे रेलिंगवरून बॉल मारायचा आणि रेस असेल त्या दिवशी गोल्फ बंद. इथला सगळ्यात जुना लेखी पुरावा १६७२ चा आहे आणि तो काय आहे माहितीये? एडिनबराच्या एका वकिलाच्या हिशेबाच्या वहीतली नोंद, की मसलबर्गला गोल्फमध्ये पैसे हरलो :) राणी मेरी १५६७ ला इथे खेळली होती असंही सांगतात, पण तो भाग ऐकीव आहे, वकिलाची वही खरी आहे. १८७४ ते १८८९ मध्ये ओपन इथे ६ वेळा झाली, छत्तीस होलची, म्हणजे याच नऊ होलच्या चार फेऱ्या. मग इथे खेळणारा एडिनबराचा बडा क्लब गर्दीला कंटाळून म्युरफील्डला गेला आणि जाताना ओपनही घेऊन गेला, १८९२ पासून मसलबर्गचं नाव त्या यादीत परत आलं नाही. होलचा जो व्यास आज जगभर आहे, सव्वाचार इंच, तो इथे १८२९ ला बनवलेल्या होल पाडायच्या यंत्राचा. आणि १८११ च्या नवीन वर्षाला इथल्या मासे विकणाऱ्या बायकांसाठी क्लबने गोल्फची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस म्हणून माशांची टोपली आणि शाल वगैरे. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही पहिली नोंद समजतात. आपल्याकडे तेव्हा पेशवाई चालू होती.

आता खेळायला मिळतं कसं, कारण खरा फरक इथेच आहे.

ओल्ड कोर्सला बहुतेकांसाठी रस्ता म्हणजे बॅलट, सरळ लॉटरी. दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं टाकायची, संध्याकाळी निकाल. कमीत कमी दोघं लागतात, जास्तीत जास्त चार. इथेच आपले बरेच बाबालोक अडकतात, कारण मुलगा खेळत नसतो आणि जावयाला रजा नसते. एकट्याने जाणाऱ्यांसाठी पूर्वी अंधारात रांगेत उभं राहायची पद्धत होती, लोक रात्रभर खुर्च्या टाकून बसायचे, २०२४ पासून त्याचाही ड्रॉ झालाय, पण त्यासाठी आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव द्यावं लागतं. म्हणजे एडिनबराहून दोन खेपा नाहीतर गावात मुक्काम, आणि उन्हाळ्यात त्या गावातले हॉटेलचे रेट बघून घाम फुटतो. शिवाय हँडिकॅपचा पुरावा मागतात, तो इथून निघतानाच क्लबकडून घेऊन ठेवा, तिथे उभं राहून व्हॉट्सॅपवर सेक्रेटरीला शोधत बसू नका, आपल्या रात्री त्यांची दुपार असते.

पैसे. २०२४ ला हाय सीझनची फी ३२० पौंड होती, पुढच्या वर्षी अजून वाढली, म्हणजे आपल्या हिशेबाने तेव्हाच पस्तीस हजारांच्या आसपास एका राउंडला. कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, घेतलात तर तो वेगळा आणि त्याची टिप वेगळी. हिवाळ्यात स्वस्त पडतं पण मग फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, छोटी मॅट ठेवून त्यावरून मारावं लागतं, गवत वाचवायला. ज्या फोटोसाठी गेलात तो फोटो पायाखाली मॅट घेऊन, मला नाही पटत.

मसलबर्गला लॉटरी नाही, फी ओल्ड कोर्सच्या मानाने किरकोळ, कुणी हँडिकॅप विचारत नाही. रेसचं कॅलेंडर तेवढं बघायचं आणि आधी फोन करून वेळ घ्यायची. एडिनबराहून सिटी बसने जाता येतं. आणि मुख्य म्हणजे इथे हिकरीच्या क्लब, म्हणजे स्टिक, भाड्याने मिळतात, लाकडी दांड्याच्या, जुन्या काळच्या. त्या घ्याच. मॉडर्न ड्रायव्हरने हा कोर्स छोटा वाटेल, २९०० यार्डाच्या आतबाहेर आहे, पण हिकरीने मारलं की कळतं तो कशासाठी बांधलाय ते, बॉल नीट मधोमध लागला नाही तर हातापर्यंत झिणझिण्या येतात आणि बॉल जेमतेम पुढे सरकतो. दोनेक तासात संपतं, सपाट आहे, गुडघेवाल्यांना चालतं, आणि सोबत आलेल्या वहिनींना पाच तास बाकावर बसून राहावं लागत नाही, हा मुद्दा कुठल्याच गाइडमध्ये लिहिलेला नसतो.

खेळ म्हणून बघाल तर मात्र तुलना होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ओल्ड कोर्स टीव्हीवर सपाट माळरान दिसतो, प्रत्यक्षात जमीन सगळी उंचसखल, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, ११२, आणि त्यातले बरेच टीवरून, म्हणजे पहिला शॉट मारतो तिथून, दिसतच नाहीत. सात ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) डबल आहेत, म्हणजे जाणाऱ्यांचं आणि येणाऱ्यांचं एकच ग्रीन, दोन होलच्या नंबरांची बेरीज केली की १८ येते, दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा असं. ग्रीन इतकं मोठं की चुकून दुसऱ्या बाजूला पडलात तर क्रिकेट पिचपेक्षा लांब पट, म्हणजे ग्रीनवरचा घरंगळता शॉट, मारायची वेळ येते. पहिला शॉट गावाच्या समोर, मागे प्रवासी उभे, फेअरवे मात्र पहिल्या आणि अठराव्याचा मिळून इतका रुंद की डावीकडे काही होत नाही, उजवीकडे गेला की आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर. सतराव्याला हॉटेलच्या कोपऱ्यावरून आंधळा ड्राइव्ह मारायचा आणि ग्रीनच्या मागे खराखुरा डांबरी रस्ता. चौदाव्यावर हेल बंकर. ज्याला हे सगळं कळतं त्याला पस्तीस हजार जास्त वाटणार नाहीत. ज्याचा बॉल दहातून चार वेळा हवेत जातो त्याने मात्र विचार करावा, कारण मागे दर दहा मिनिटांनी पुढचा ग्रुप येतोय, मार्शल घड्याळ बघतोय, आणि बग्गी मिळत नाही, सगळं पायी.

दोन्ही गावांचं जुनं हाडवैर आहे ते पण ऐकून घ्या. १८७० ला सेंट अँड्रूजचा टॉम मॉरिस आणि मसलबर्गचा विली पार्क यांची मोठी पैजेची मॅच होती, शेवटचा टप्पा मसलबर्गला. तिथल्या पब्लिकने इतका गोंधळ घातला, बॉलला हात लावण्यापर्यंत, की रेफरीने खेळ थांबवला आणि टॉम आणि रेफरी दोघं कोर्सच्या कडेच्या मिसेस फोरमनच्या खानावळीत जाऊन बसले. पार्कने निरोप धाडला, येतोस की मी एकटाच खेळू? टॉम आला नाही, पार्कने उरलेले होल एकट्याने खेळले आणि जिंकलो म्हणून जाहीर केलं. गल्ली क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता रविवारचं. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो, मोठी स्पर्धा असली तरच अपवाद, आणि तो दिवस गावाचा. लोक कुत्री फिरवतात, पोरं पळतात, तुम्ही स्विल्कन ब्रिजवर, म्हणजे अठराव्याच्या त्या छोट्या दगडी पुलावर, उभे राहून हवे तेवढे फोटो काढा, सतराव्याच्या रोड बंकरची भिंत जवळून बघा, पैसे लागत नाहीत. ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाय घालू नका एवढंच. म्हणूनच मी म्हणतो बघायला जा. एडिनबराहून लूकर्सपर्यंत ट्रेन साधारण तासाभराची, पुढे बस, कारण सेंट अँड्रूजचं स्वतःचं स्टेशन १९६९ लाच बंद झालंय. आणि शेजारी हिमालयाज नावाचं पटिंग ग्रीन आहे, १८६७ ला स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं, नावाप्रमाणे सगळे चढउतार, काही तास मेंबरांसाठी राखीव असतात बाकी वेळ कुणीही थोड्या पैशात खेळा. ज्यांनी कधी क्लब हातात धरली नाही त्या घरच्यांना इथे घेऊन जा, नातवंडं तर निघायला तयार होत नाहीत.

बॅलट लागला नाही आणि तरी सेंट अँड्रूजलाच खेळायचंय तर न्यू कोर्स घ्या, नाव न्यू पण १८९५ चा, टॉम मॉरिसनेच आखलेला, जमीन तीच, वारा तोच, फी बरीच कमी. तिथलाच ज्युबिली कोर्स जास्त अवघड आहे. बालगोव्ह नऊ होलचा, नवशिक्यांसाठी.

एडिनबरा सोडायचंच नसेल तर ब्रेड हिल्स. शहरात ब्रंट्सफील्ड लिंक्सवर पूर्वी गोल्फ चालायचा, पण शहर वाढलं, चालणाऱ्यांच्या अंगावर बॉल यायला लागले, म्हणून कौन्सिलने १८८९ ला ही टेकडी गोल्फसाठी विकत घेतली. वरून किल्ला, आर्थर्स सीटचा डोंगर, खाली समुद्र. चढ आहे बरं का, गुडघे बघून ठरवा. गंमत म्हणजे ब्रंट्सफील्डवर अजूनही उन्हाळ्यात छोट्या होलचा कोर्स असतो आणि तो चक्क फुकट आहे, एक वेज, एक पटर आणि बॉल खिशात. आपल्याही ग्राउंडवर खेळाडूंना चालणाऱ्यांची अडचण झाली असेल, पण आपल्याकडे टेकडी कुणी घेतली नाही आणि गोल्फचं फक्त नाव राहिलं. मैदान कान्हेऱ्यांच्या नावाचं झालं ते उत्तमच झालं, तरी कोपऱ्यात एखादं पटिंग ग्रीन असायला काय हरकत होती असं मला वाटतं, महापालिकेत ऐकणारं कुणी असेल तर.

बाकी सामानाचं म्हणाल तर क्लबची बॅग इथून नेऊ नका, एअरलाइनला पैसे भरण्यापेक्षा तिथे भाड्याने घ्या. शूज आणि ग्लोव्ह मात्र स्वतःचे. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे मसलबर्गला चहा पिऊन संध्याकाळी सहाला सुरू केलं तरी आरामात होतं, पण पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्रावरून धुकं येतं ते पाच मिनिटात येतं, आणि वारा उन्हाळ्यातही आपल्या डिसेंबरपेक्षा बोचरा, तेव्हा वाऱ्यापावसाचं जॅकेट बॅगेत तळाशी नाही, वरच ठेवा.