‘ऑटो डार्क’ गॉगल: वेल्डिंगचं हेल्मेट लागत नाही म्हणून विकतात, आणि लोक घेतात

कोकणात पावसाळ्याआधी पत्र्याच्या शेड, ग्रिलं, गेट यांची कामं एकदम निघतात, आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांत नवी पोरं हाताखाली येतात. त्यांच्या गळ्यात सध्या एक वस्तू सर्रास मारली जाते: चष्म्यासारखा ‘ऑटो डार्क वेल्डिंग गॉगल’, म्हणजे वेल्डिंगचा उजेड पडला की काच आपोआप काळी होणारा. किंमत चारपाचशे रुपये. फोटोत ठिणग्यांच्या पावसात उभा वेल्डर, तोंडावर एवढा गॉगलच. दुकानदार टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबतो, काच झटकन काळी होते, गिऱ्हाईक खूश.

रिमोटने एवढंच कळतं की सेन्सर प्रकाशाला दाद देतो. काच किती काळी झाली, अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड किती अडलं, यातलं काहीच नाही.

काच खरी निघाली तरी खरी खोट राहतेच. गॉगलने गाल, कपाळ, गळा उघडा राहतो. बाजूच्या फटीतून आर्क, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, आत येते, आणि शेडच्या कोऱ्या पत्र्यावरून परतलेला उजेड तर मागून येतो. संध्याकाळी तोंड उन्हात करपल्यासारखं लाल होतं, दोन दिवसांनी साल निघते. डोळ्यांचं दुखणं मात्र सहा ते बारा तासांनी उठतं: मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. इतक्या उशिरा दुखल्यामुळे दोष गॉगलवर येतच नाही. “टॅक (जोडाचा छोटा टाका) मारताना उघड्या डोळ्यांनी बघितलं असशील,” असं सगळे त्या पोरालाच सुनावतात. विकणाऱ्याचं फावतं ते इथेच.

डोळ्यांना आर्क लागल्यावर बधिर करणारे ड्रॉप मेडिकलमधून आणून रात्रभर घालू नका. दुखणं दबतं, पण बुबुळावरची जखम भरायला उलट जास्त वेळ लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

माल हातात घेऊन बघा. ऑटो काचेच्या कडेला ‘४/९-१३’ अशी ओळ असते: उजेडातला काळेपणाचा नंबर ४, काळी झाल्यावर ९ ते १३. पुढे उत्पादकाची खूण, चार आकडे आणि ३७९ हा युरोपियन मानकाचा क्रमांक (नव्या मालावर त्या जागी १६३२१ असू शकतो). नुसतं ‘डीआयएन ११’ (काळेपणाचा नंबर ११) छापलेलं असेल तर तो छापखान्याचा पुरावा, काचेचा नव्हे. मग काचेवरच्या दोन सेन्सरच्या ठिपक्यांपैकी एकावर बोट ठेवून रिमोट दाबा, नंतर दुसऱ्यावर. एक झाकल्यावर काच काळी होत नसेल तर दुसरा ठिपका शोभेचा आहे. अशा काचेने ग्रिलच्या कोपऱ्यात पाइप चालू सेन्सरच्या आड आला की डोळ्यांना उजेडाचा उघडा झटका बसतो. खारी हवा बटण-सेलच्या पत्तीला गंज आणते, ते वेगळंच.

शिकणाऱ्याला वेल्डिंगचं साधं हेल्मेट किंवा हँड शील्ड (हातात धरायची ढाल) आणि काळी काच पुरते. २.५ मिमीचा वेल्डिंग रॉड ७० ते १०० अँपिअरला चालतो. ८० अँपिअरपर्यंत १० नंबरची काच, त्यापुढे १७५ पर्यंत ११ नंबर. गॅस कटिंगचा ५ नंबरचा हिरवा गॉगल ‘वेल्डिंगचाच’ म्हणून देतात, तो आर्कला चालत नाही. काळी काच ट्यूबलाइटच्या खोलीत डोळ्यापुढे धरा. खरी ११ नंबरची असेल तर ट्यूबची फिकट रेघच दिसेल, टेबल-खुर्ची दिसली की काच परत करा. अल्ट्राव्हायोलेट घरी तपासता येत नाही, म्हणून आयएसआय खूण आणि सीएम/एल हा परवाना क्रमांक बघा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं. काळ्या काचेपुढे साधी पांढरी काच हवीच, ठिणग्यांचे फोड तिच्यावर घ्यायचे आणि तीच बदलत राहायची. ग्राइंडिंगला हेल्मेटखाली पारदर्शक चष्मा वेगळा.

बिल आणि खोका ठेवा, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. विक्रेता परत घेत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जाहिरातीतला ‘हेल्मेटची गरज नाही’ हा मजकूर स्क्रीनशॉटमध्ये असेल, तर तोच तुमच्या बाजूने बोलतो.