‘वन टू वन’ कोचिंगच्या नावाखाली १२ हजारांचा चुना

परतवाड्याकडे माउंटन बाइकवाली पोरं वाढली आहेत. चिखलदऱ्याचा घाट जवळ, मुरमाड पांदण रस्ते फुकटात. त्यांच्यामागोमाग ‘पर्सनल कोच’ही उगवले. त्यातल्या एकाने मला १२ हजारांना गंडवलं. नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत ओळखून ठेवा.

जाहिरातीत ‘एका वेळी एकच विद्यार्थी’ आणि एक इंग्रजी प्रमाणपत्र. पैसे सगळे आधी, यूपीआयवर, तेही भलत्याच नावाच्या खात्यात. पहिल्या सकाळी टेकडीखाली पोचलो तर चार जण आधीच उभे, चौघांनाही ‘वन टू वन’च विकलेलं. विचारलं तर म्हणे, “मी सगळ्यायकडे अलग अलग लक्ष देतो ना भाऊ!”

शिकवणं तर त्याहून भारी. “उतारावर समोरच्या ब्रेकले हातच लावू नका, पलटी खासान.” ऐकायला पटतं, म्हणून तर खपतं. खरं म्हणजे ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे सायकल थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. पलटी होते ती तो एकदम आवळला तर. एका बोटाने दाब हळूहळू वाढवायचा, पेडल जमिनीला समांतर, टाचा खाली, सीटवरून उठून वजन पायांवर, नजर लांब: पैसे मोजायचे ते हे अंगवळणी पाडून घ्यायला. नुसता मागचा ब्रेक धरला तर मुरमावर चाक लॉक होऊन घसरतं. एक पोरगा तसाच घसरत बोरीच्या काट्यांत गेला. गुरुजी तेव्हा पुढच्या जाहिरातीचा व्हिडिओ काढत होते. आमचे टायर जास्त हवेने दगडासारखे टणक होते, त्यांना त्याने बोटही लावलं नाही.

मग ‘मेळघाट जंगल राइड’ निघाली. परवानगीचे म्हणून माणशी ३ हजार वेगळे. अभयारण्यात शिरायची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वन विभाग देतो, ती कोचच्या यूपीआयवर कशी मिळेल? वन विभागाची पावती मागितली. त्यानंतर फोन बंद, ग्रुपमधून मी बाहेर.

चांगला कोच पैशांआधी तुम्हाला चालवताना बघतो, सीटची उंची आणि टायरमधली हवा तपासतो. एका सेशनचेच पैसे द्या. प्रमाणपत्र ज्या संस्थेचं, तिलाच मेल करून खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर कळवा, व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. कबूल केलेली सेवा दिली नाही, यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बँकेकडून अजून काही हाती लागलेलं नाही. ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आम्ही मिळून ती करतोय. त्याने जाहिरात काढून टाकली आहे, तेव्हा ‘एकच विद्यार्थी’ लिहिलेला जुना स्क्रीनशॉट कुणाकडे असेल तर पाठवा.