व्हॅन घेऊ की छोटा हत्ती, या घोळात माझे ३,०३,००० रुपये गेले

काल रात्री मोबाइलवर परत तीच पांढरी व्हॅन दिसली. तोच फोटो, मागे तीच पत्र्याची शेड, डाव्या दरवाजावर तोच हातभर ओरखडा. विकणाऱ्याचं नाव तेवढं बदललंय आणि किंमत दहा हजारांनी उतरवलीय. म्हणजे यांचं दुकान चालूच आहे. झोप लागेना म्हणून हे लिहायला बसलो.

मी प्लंबिंग आणि पंप बसवायची कामं करतो, रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपट्ट्यात. १४ वर्षं झाली. आजवर सामान बाइकवर नाहीतर भाड्याच्या टेम्पोने नेलं. आता होमस्टेवाल्यांची कामं वाढलीत, गणपतीच्या आधी तर टेम्पोवाला फोनच उचलत नाही, म्हणून ठरवलं की जुनी का होईना, स्वतःची गाडी घ्यायची. प्रश्न एवढाच, मारुतीची इको कार्गो व्हॅन घ्यायची की छोटा हत्ती, म्हणजे टाटा एसचा छोटा टेम्पो.

ज्यांचं माझ्यासारखं काम आहे त्यांना हा घोळ माहीत आहे. व्हॅनला कुलूप लागतं, आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात ड्रिल मशीन, थ्रेडिंगचे डाय, मोटारी सगळं कोरडं राहतं, साइटवर गाडी सोडून जेवायला जाता येतं. पण पाइप २० फुटी, तो व्हॅनमध्ये मावत नाही, टपावर कॅरियर लावून जीआयचे (लोखंडी) पाइप बांधले तर आपल्या वळणांवर जीव टांगणीला लागतो, आणि हजार लिटरची टाकी तर विसराच. छोट्या हत्तीत टाकी उभी राहते, पाइप केबिनवरून तिरके बांधता येतात. पण मागे उघडं, ताडपत्री बांधा-सोडा, रोज रात्री हत्यारं उतरवून घरात घ्या. बाकी दोघांचं सारखंच, पिवळी पाटी दोघांना, वजन ३,००० किलोच्या आत म्हणून परमिट लागत नाही, चारचाकीचं साधं लायसन्स चालतं. दोन महिने मी यातच अडकलो होतो.

आणि हे सगळं मी त्या पांढऱ्या व्हॅनची जाहिरात टाकणाऱ्या एजंटला फोनवर स्वतःहून सांगितलं. पाइपचं, टाकीचं, हत्यारांचं, सगळं. त्याने नुसतं ऐकून घेतलं.

व्हॅन २०१९ची, २,५०,००० सांगितले. "दादा, उद्या दुसरी पार्टी येतेय, अकरा हजार टाका, गाडी तुमच्यासाठी थांबवतो." टाकले ११,०००, यूपीआयने. गाडी बघायच्या आधी कोणालाही टोकन देऊ नका, हे मी आता ओरडून सांगतो, तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून घाटावर गेलो तर व्हॅन "मालकाने काल रात्रीच परस्पर दिली". टोकन परत मागितलं तर म्हणतो, "टोकन कुठे जात नाही ओ दादा. पण खरं सांगू का, तुमच्या कामाला व्हॅन नाहीच. २० फुटी पाइप कुठे ठेवणार? हजाराची टाकी कशी नेणार?" माझेच शब्द मला ऐकवले, आणि मला वाटलं माणसाला आपलं काम कळतंय! शेडमध्ये छोटा हत्ती उभाच होता. २०१८चा, २,७५,०००, टोकन त्यातच धरणार.

मी आंधळेपणाने गाडी घेतली असं कोणी म्हणू नये. समुद्राकडच्या माणसाला गंज कळतो. मी गाडीखाली आडवा झालो, चासी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघितली, केबिनमधलं मॅट उचलून खालचा पत्रा ठोकला, डिझेलच्या फडक्याने चासी नंबर पुसून आरसीशी एक एक आकडा लावला. तासभर गेला. गाडी खरंच चांगली होती.

कागद बघायला पाच मिनिटं दिली.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर कर्ज दिसत होतं, फायनान्स कंपनीच्या नावासकट. मी विचारलं. तो जराही गडबडला नाही. फाइलमधून एनओसी, म्हणजे फायनान्स कंपनीचा ना हरकत दाखला काढला, सोबत कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५, त्यावर निळा गोल शिक्का. "कर्ज फिटलंय, ऑनलाइन अपडेट व्हायला १५ दिवस लागतात." वर स्वतःच्या मोबाइलवरून शाखेच्या मॅनेजरला फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडचा माणूस नीट, सावकाश बोलला, लोन नंबरचे शेवटचे चार आकडेसुद्धा त्याने सांगितले. मला काय माहीत पलीकडे कोण होतं. त्या फायनान्स कंपनीची शाखा तिथून चालत दहा मिनिटांवर होती. दहा मिनिटं! एसटीतून येताना मी बोर्ड बघितला होता. बाहेर पाऊस धो धो पडत होता, पावसात अंधारातून घाट उतरायचा नव्हता, एजंट म्हणत होता चार वाजायच्या आत निघा, आणि मी छत्री उघडून त्या शाखेपर्यंत गेलो नाही. एनओसीची झेरॉक्स हातात धरून मी तिथेच खुर्चीत बसून चहा प्यायलो. गेले चार महिने डोळ्यांसमोर तो चहाचा कप येतो.

पैसे असे दिले. टोकन ११,०००, एनईएफटीने १,४०,०००, रोख १,२४,०००. एनईएफटी मालकाच्या नावावर नाही, "मेव्हण्याच्या" खात्यावर. हेही खटकायला हवं होतं. पण आमच्या धंद्यात पोराच्या, भावाच्या खात्यावर पैसे येतातच, मीही घेतो. रोखीची पावतीसुद्धा नाही, नुसती शंभराच्या स्टॅम्पवर सही. १,५०,००० पतपेढीतून उचलले होते, बायकोच्या पाटल्या ठेवून. वर गाडीला खर्च केला, पाइपचा स्टँड १४,५००, दोन टायर ९,२००, बॅटरी ४,३००. एकूण ३,०३,०००. वडिलांना हा आकडा अजून सांगितलेला नाही.

तेविसाव्या दिवशी हायवेच्या नाक्यावर फायनान्स कंपनीच्या वसुलीच्या दोघांनी बाइक आडवी घातली. हातात गाड्यांच्या नंबरांची यादी, सात हप्ते थकलेले. मी एनओसी दाखवली, त्यातल्या एकाने ती धड हातातही घेतली नाही. गाडीत १८ पाइप होते. ते मला भर पावसात रस्त्याकडेला उतरवायला लावले, आणि माझा नवा स्टँड, नवे टायर सगळं घेऊन गाडी गेली. मी पाइपांजवळ उभा राहून टेम्पोवाल्याला फोन लावत होतो.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात सांगितलं, व्यवहार घाटावर झालाय, तिकडे जा. तिकडे गेलो तर, तुम्ही राहता कोकणात, पैसे तिकडच्या बँकेतून गेले, आणि हा तर दिवाणी मामला, वकील गाठा. परत इकडे आलो. इथे साहेब बंदोबस्ताला गेलेले, मग रजेवर, मग "तुम्ही शिकलेसवरलेले ना, कागद बघून घ्यायचे". हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं! बनावट एनओसी, बनावट शिक्का, खोटा मॅनेजर, आणि याला दिवाणी म्हणतात? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने झिरो एफआयआर घ्यायचा असतो, नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे, मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली तर वाचलीसुद्धा नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली ती फक्त ऑनलाइन पैशांची, आणि तोवर महिना उलटला होता. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो. फायनान्स कंपनी म्हणते तुमचा आमच्याशी करार नाही, सात हप्ते आणि दंड भरा मग बघू. म्हणजे दुसऱ्याचं कर्ज मी फेडू? सहा फेऱ्या झाल्या घाटावर. प्रत्येक फेरीला कामाचा एक दिवस बुडतो, तो कोणत्या कागदावर लिहायचा?

गाडी घेणार असाल तर ॲपवर कर्ज दिसतंय तोवर एक रुपया देऊ नका, तुमच्या समोर कर्ज उतरवून ऑनलाइन दिसू दे, मग बोला. कर्ज असलेली गाडी फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय नावावर होतच नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५१ आहे. एनओसी घेऊन शाखेत स्वतःच्या पायाने जा, एजंटच्या फोनवर कोणाशीही बोलू नका. पैसे आरसीवर नाव आहे त्याच माणसाच्या खात्यावर, आणि तो माणूस समोर उभा हवा, मी तर मालकाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते मागा, चिडला तर उठून चालू लागा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देतो म्हणाला तर खुश होऊ नका, मी झालो होतो.

परवा लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने एसपी ऑफिसला पाठवली, कायद्यात तशी सोय आहे. तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, वकिलाने ५,००० सांगितलेत. ते १८ पाइप अजून पडवीत पडलेत, ज्यांच्या कामाचे होते त्यांनी दुसरा माणूस बघितला. त्या पांढऱ्या व्हॅनच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. डाव्या दरवाजावर ओरखडा असलेली व्हॅन तुम्हाला कोणी दाखवली तर टोकन पाठवू नका, आणि मला लगेच कळवा.