बेलफास्टची ब्लॅक टॅक्सी टूर: नक्की करा, पण बसायच्या आधी ड्रायव्हरशी बोलून घ्या

मे महिन्यात आई माझ्याकडे डब्लिनला आली होती तेव्हा एक दिवस काढून आम्ही दोघी बेलफास्टला (उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या भागात) जाऊन आलो आणि तिथली ती फेमस ब्लॅक टॅक्सी टूर केली, दंगलींच्या काळातल्या वस्त्या, त्यांच्यामधली भिंत आणि भिंतींवरची चित्रं दाखवणारी. करावी का असं बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सविस्तर लिहितेय. माझे पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी कामाचं. लंडनसारखी काळी टॅक्सी, मागे समोरासमोर सीटा, पैसे बऱ्याचदा गाडीमागे, माणशी नाही, त्यामुळे चार-पाच जण असाल तर परवडतं. दीड तास म्हणतात, आमची पावणेदोन झाली. ड्रायव्हर हाच गाईड. ह्या टॅक्स्या काही टुरिस्टसाठी आलेल्या नाहीत. 1970 नंतर दंगलीत बसेस पळवून जाळायला लागले, बस सर्व्हिस सारखी बंद पडायची, मग लोकांनी लंडनच्या जुन्या टॅक्स्या आणून शेअर सीटवर चालवल्या. आपल्याकडचं वडापच ते. फक्त फॉल्स रोडचं वडाप वेगळं आणि शँकिल रोडचं वेगळं, कारण फॉल्सवर कॅथलिक लोक, ज्यांना आयर्लंडमध्ये सामील व्हायचंय, आणि शँकिलवर प्रोटेस्टंट, ज्यांना ब्रिटनमध्येच राहायचंय. जवळपास 30 वर्षं ह्या दोन बाजूंमधला हिंसाचार चालला, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, 10 एप्रिल 1998 ला शांतता करार झाला. पण दोन्ही वस्त्यांच्या मधली भिंत 1969 पासून आहे ती आहेच. बर्लिनची 28 वर्षांत पडली, ही पन्नाशी ओलांडून उभी. 2013 मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं होतं की 2023 पर्यंत अशा सगळ्या भिंती काढू. ती मुदत कधीच गेली.

भिंत फोटोत बघितली होती पण खाली उभं राहिल्यावर पोटात कसंतरी झालं. खाली काँक्रीट, त्याच्यावर पत्रा, त्याच्यावर जाळी, म्हणजे दगड फेकणाऱ्यांचा हात जसा वर जात गेला तशी ती चढवत नेली. आणि फॉल्सच्या बाजूला तिला लागून जी गल्ली आहे तिचं नाव बॉम्बे स्ट्रीट. खरंच. तिथे काश्मीर रोड, लखनौ स्ट्रीट, कानपूर स्ट्रीट पण आहेत, इंग्रजांच्या काळात ठेवलेली नावं. ऑगस्ट 1969 मध्ये ही बॉम्बे स्ट्रीट जाळली गेली, तारीख 15. आई एकदम म्हणाली, "अगं, पंधरा ऑगस्टला?" आणि मग बराच वेळ गप्पच. आताची घरं नंतर बांधलेली, नीटनेटकी, लाल विटांची. पण मागच्या बाजूला, पलीकडून काही येऊन पडू नये म्हणून, परसावर तिरकी लोखंडी जाळी, घराच्या भिंतीपासून वरपर्यंत, पिंजराच. एका पिंजऱ्यात दोरीवर शाळेचा छोटा स्वेटर वाळत घातला होता. संपूर्ण ट्रिपमधलं माझ्या डोळ्यापुढून न गेलेलं काय असेल तर तो स्वेटर.

आता चित्रांचं, कारण बहुतेक लोक ही टूर चित्रांसाठीच घेतात. फॉल्सवर बॉबी सँड्सचा हसरा चेहरा, ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयआरए ह्या सशस्त्र संघटनेचा माणूस, तुरुंगात 66 दिवस उपोषण करून 1981 मध्ये वारला तो. पुढे भिंतभर जगभरचे लढे, गुलामगिरीतून सुटलेला अमेरिकन फ्रेडरिक डग्लसपण आहे, गुलामगिरीविरुद्ध बोलायला तो 1845 मध्ये बेलफास्टला येऊन गेला होता. शँकिलच्या बाजूला प्रोटेस्टंटांचा मानाचा जुना राजा विल्यम, आणि तिथल्या सशस्त्र गटांची, तोंडावर काळा मास्क घालून बंदूक धरलेली माणसं. बंदुकवाल्या चित्रांपाशी टॅक्सी जास्त वेळ थांबते, सगळे फोटो काढतात. मला मात्र तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात आईनं समोरच्या एका भिंतीकडे बोट केलं, "ही तर गोधडी आहे!" बायकांच्या गोधडीचं चित्र होतं ते, चौकोन चौकोन जोडलेले. आमच्या ड्रायव्हर काकांच्या प्लॅनमध्ये तो स्टॉप नव्हता. पण आईनं विचारल्यावर त्यांनी गाडी बंद केली आणि जे सांगितलं त्यासाठी मी चार स्टार देतेय. 2006 मध्ये तिथल्या आर्ट्स कौन्सिलनं एक योजना काढली, बंदुकांची चित्रं काढून लोकांना हवं ते लावायचं. आता आपल्याला वाटेल, सोपंय, पेंटर आणा, भिंत पांढरी करा, कबूतर काढा. तसं केलं तर सकाळपर्यंत कबूतर गायब. आधी गल्लीतल्या लोकांबरोबर बसावं लागतं, बायका, पोरं, म्हातारी माणसं, आणि ज्यांची बंदूक त्या भिंतीवर आहे त्या गटाची जुनी माणसंसुद्धा, आणि त्या चित्रात कोणाचा मेलेला भाऊ असतो, तो काढायचा म्हणजे त्याच्या आईला विचारायचं. काका म्हणाले, रंग द्यायला आठवडा लागतो, चहाला वर्ष जातं. मला हे फार पटलं. भिंतीवर काय आलं ह्याच्यापेक्षा ते चहाचं वर्ष महत्त्वाचं, आणि पैसे देणाऱ्यांना नेमकं तेच कागदावर दाखवता येत नाही.

त्यांनी स्वतःच्या मुलीचं पण सांगितलं. बेलफास्टमध्ये 1985 पासून एक कम्युनिटी सर्कस शाळा आहे, दोन्ही बाजूंची मुलं एकत्र यावीत म्हणूनच काढलेली. लक्षात घ्या, तिथे अजूनही बहुतेक मुलं आपापल्या धर्माच्याच शाळेत जातात. काकांची मुलगी त्या सर्कस शाळेत माणसांचा मनोरा करायला शिकली, आणि ती ज्याच्या खांद्यावर उभी राहायची तो पोरगा शँकिलचा. "खांदा कोणाचा हे विचारायला वेळच नसतो, पडू नये एवढंच बघायचं असतं." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. चित्र एकटा माणूस रात्रीत काढून जाऊ शकतो, मनोरा एकट्याचा होतच नाही, म्हणून मला तरी मुलांसाठी सर्कस, नाटक असलं काही भिंतीच्या चित्रापेक्षा जास्त खोल जाणारं वाटतं.

आता कापलेला स्टार. शँकिलच्या बाजूनं भिंतीपाशी थांबलो की ड्रायव्हर हातात मार्कर देतात, सही करा, शांतीचा संदेश लिहा. सगळेच लिहितात. पण जवळ जाऊन बघितलं तर त्या सह्या बऱ्याच ठिकाणी स्थानिक लोकांनी केलेल्या चित्रांवरच आहेत, एका चेहऱ्याच्या गालावर कोणाचं तरी हनिमूनचं वर्ष लिहिलेलं. आईनं मार्कर परत दिला. मी आधीच लिहून बसले होते आणि मला त्याचं वाईट वाटतंय, अजूनही. टूरवाल्यांनी हे थांबवायला हवं, निदान कोरा भाग तरी दाखवावा.

म्हणून बुक करताना दोन गोष्टी सांगा. एक, नवीन चित्रं आणि ती कशी झाली ते पण दाखवा. दोन, भिंतीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरून चालायचंय. चालणं जमत असेल तर पायी टूरपण आहेत, त्यात एका बाजूचा माजी कैदी तुम्हाला भिंतीतल्या गेटपर्यंत आणतो आणि दुसऱ्या बाजूचा माजी कैदी पुढे नेतो, आईच्या गुडघ्यांमुळे आम्हाला ती करता आली नाही. आणि दिवसा जा, रात्री मधली गेटं बंद होतात. आम्ही परत निघालो तेव्हा लॅनार्क वे ह्या रस्त्यावरचं गेट उघडं होतं, एक बाई बाबागाडी ढकलत आरामात इकडून तिकडे गेली. काकांनी गाडी हळू केली आणि ती पार होईपर्यंत थांबले.