खोल पाण्यातले लॉगर: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा पाहून झाल्यावर

जोडणी साधी आहे. लॉगर म्हणजे पाण्यात सोडून दिल्यावर आपोआप आकडे नोंदवत राहणारं छोटं उपकरण. दोरीवर दर दोन मीटरला एक तापमान लॉगर, तळाजवळ एक ऑक्सिजनचा, खाली दगड आणि वर फ्लोट, तोही पाण्याखालीच. वर दिसणारा बोया लावाल तर कोणीतरी नेणारच. त्यापेक्षा काठावरच्या खडकाला बारीक दोर बांधा. नागपूरबाहेरच्या एका बंद, पाण्याने भरलेल्या खाणीत मालकाला विचारून हे सगळं सोडलं. उभ्या कड्यांमुळे तिथे वारा पाण्याला फारसा लागत नाही, म्हणून खाण लहान असली तरी वागते खोल तलावासारखी.

दुकानदार ०.२ अंश अचूकता सांगतो. डोंगरातल्या थंड, खोल सरोवरांत तेवढी पुरत नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं आणि ४ चं ५ झालं तरी घनतेत जवळपास फरक पडत नाही. युरोपातलं जिनिव्हा सरोवर ३०० मीटरहून खोल. तिथल्या तळाची हालचाल टिपायला अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारी उपकरणं लागतात. आपल्याकडे ३० चं ३१ होताना घनता त्याच्या जवळपास चाळीस पट बदलते. म्हणजे एका अंशाचा फरकही वरचं पाणी खाली जाऊ देत नाही. नागपुरात स्वस्तातले तापमान लॉगर खुशाल घ्या, फक्त संख्या वाढवा. सोडण्याआधी सगळे एकत्र बर्फाच्या पाण्यात बुडवा. जो शून्य दाखवत नाही त्याचा फरक लिहून ठेवा.

उन्हाळ्यात ऑक्सिजनचा आकडा तळाशी शून्यालाच चिकटून होता. ३० अंशांच्या पाण्यात तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमपर्यंत मावतो, पण वरून खाली पोचेल तर ना! आधी वाटलं सेन्सर गेला. दोरी ओढली तेव्हा वरच्या लॉगरवर हिरवं शेवाळ आणि तळाच्या लॉगरची, शेवाळ धरू नये म्हणून असलेली तांब्याची जाळी काळी ठिक्कर, सडक्या अंड्याचा वास. म्हणजे खाली खरंच ऑक्सिजन नव्हता, सेन्सर ठणठणीत होता. मासेमारीचा ठेका घेतलेले काका नुसत्या वासावरून म्हणाले, "खालचं पानी सडलं बाप्पा."

डिसेंबरच्या थंड रात्रींत वरच्या-खालच्या तापमानाच्या रेषा जवळ येत गेल्या आणि एका पहाटे एक झाल्या. म्हणजे खालचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर मिसळलं, आणि त्याच सकाळी रोहू-कटला पृष्ठभागावर तोंड काढून होते. या एका आलेखासाठी पैसे वसूल.

तक्रारी आहेत. ब्लूटूथ पाण्यातून चालत नाही, त्यामुळे ॲपची जाहिरात निव्वळ शोभेची. डेटा काढायला प्रत्येक वेळी अख्खी दोरी वर. परत सोडताना खोली बदलू नये म्हणून काठाच्या दोराला गाठ मारून ठेवावी लागते. ऑक्सिजन सेन्सरची टोपी ठरावीक महिन्यांनी बदलायची, आणि ती महाग.

पुढे घेतला तर ऑक्सिजनचाच दुसरा घेईन, मधल्या खोलीसाठी. तळाशी प्राणवायू नाही हे कळलं. तो नेमका कुठे संपतो ते एका लॉगरने कळत नाही, आणि काकांना जाळं किती खोल सोडायचं तेच हवं आहे.