इटलीतल्या ट्युरिनच्या एका घरगुती पियोलात आठ-नऊ महिने जेवल्यानंतर

हे हॉटेल कुणाला आवडणार नाही ते आधी सांगून टाकते. ज्यांना संध्याकाळी सातच्या आत जेवायला लागतं, पदार्थाचा फोटो पाहिल्याशिवाय ज्यांना ऑर्डर देता येत नाही, आणि "यातलं हे काढा, त्याऐवजी ते घाला" असं म्हणायची ज्यांना सवय आहे, त्यांनी स्टेशनजवळच्या कुठल्याही पिझ्झेरियात जावं. तिथे सगळ्यांची सोय होते. बाकीच्यांनी पुढे वाचा.

नवऱ्याची कंपनी चाकणची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. तिच्या कामासाठी आम्ही गेल्या ऑक्टोबरात इथे आलो. घरापासून चालत पाच मिनिटांवर ही पियोला आहे. पूर्वी कारखान्यातून सुटलेल्या मंडळींनी यायचं, वाइनचा पेला घ्यायचा आणि चुलीवर जे असेल ते खायचं, अशा या जागा. ट्युरिनमध्ये त्या अजून टिकून आहेत आणि बहुतेकींचा कारभार सारखाच आहे, म्हणून नाव देत नाही. जी सापडेल तिला हे लागू पडेल.

स्वयंपाकघर आजींच्या ताब्यात. मुलगा टेबलं सांभाळतो, सून गल्ल्यावर बसते. टेबलावर कागद अंथरलेला, त्यावर ग्रिसीनी, म्हणजे हाताने ओढलेल्या लांब कुरकुरीत काड्या. या ट्युरिनच्याच. मेनू भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, पण तो वाचायच्या आत मुलगा तोंडी सगळं सांगून मोकळा होतो. सदाशिव पेठेतल्या खानावळीत ज्यांनी विद्यार्थिदशा काढली त्यांना हे परकं वाटणार नाही: आज काय शिजणार ते घरचे ठरवणार, आणि उशिरा आलात तर उरलंसुरलं मिळणार.

जेवणाचा क्रम ठरलेला. आधी अँटिपास्टी (सुरुवातीचे छोटे पदार्थ), मग प्रिमो (पास्ता, भात किंवा सूप), मग सेकोंदो (मांस किंवा मासे) आणि त्याच्याबरोबर वेगळी मागवायची भाजी, मग गोड, शेवटी कॉफी. हे सगळं घ्यायलाच हवं असं काही नाही. आम्ही दोघांत एक अँटिपास्टो, प्रत्येकी एक प्रिमो आणि एक गोड घेतो. कुणी नाक मुरडत नाही. सगळं एकदम टेबलावर मांडा म्हटलं तर मात्र आपली डाळ शिजत नाही. जेवणानंतर कापुचीनो मागितलीत तर देतात, पण ती इथे सकाळची कॉफी, त्यामुळे मुलाच्या भुवया वर जातात.

आता खरा माल. ट्युरिनचा पिएमोंते प्रांत आल्प्सच्या कुशीतला, त्यामुळे इथलं जेवण आपण ज्याला इटालियन समजतो तसं नाही. टोमॅटो बेताचा, लोणी आणि अंडी भरपूर. आजींचे अन्योलोत्ती देल प्लिन, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचे चिमटीने केलेले तुकडे, मी एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिले. पारीची पट्टी इतकी पातळ की खालच्या लाकडाच्या रेघा दिसाव्यात. तिच्यावर सारणाचे बोराच्या बीएवढे ठिपके एका ओळीत. पट्टी दुमडायची, दोन ठिपक्यांमध्ये चिमटा काढायचा, आणि कातणं असं फिरवायचं की प्रत्येक तुकड्याला छोटासा खिसा पडतो. त्या खिशात भाजलेल्या मांसाचा रस साठतो. सारण वासराचं, डुकराचं आणि सशाचं मांस भाजून, बारीक करून, पालकात मिसळलेलं. कधी कधी हे अन्योलोत्ती नुसते उकडून, रसाशिवाय, पांढऱ्या नॅपकिनमध्ये गुंडाळून आणतात. तसेच खाऊन बघा, सारणाची चव तेव्हाच कळते.

ज्यांना गोमांस चालत नाही त्यांच्यासाठी स्पष्ट सांगते: इथे वासराचं मांस जागोजागी आहे. वितेल्लो तोन्नातो म्हणजे त्याचेच थंड काप, वर ट्यूनाचं सॉस. कार्ने क्रूदा म्हणजे तेच, कच्चं, सुरीने बारीक केलेलं. दिसायला दोन्ही निरुपद्रवी, त्यामुळे विचारूनच घ्या.

शाकाहाऱ्यांचं काय? माझा नवरा शाकाहारी, अंडं चालतं. तो तरला तो ताइयारीनवर. किलोभर पिठाला तीस-तीस, कधी चाळीस अंड्यांचे बलक घालून केलेल्या, सुरीने केसासारख्या कापलेल्या शेवया. उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं, मग लोणी आणि सेजची पानं, बस्स. गाडी अडते ती बाकीच्या गोष्टींवर. रिसोत्तो, म्हणजे इथला मऊसर भात, शाकाहारी दिसतो, पण शिजतो मांसाच्या पाण्यात. भाजलेल्या लाल मिरच्या, म्हणजे आपली ढोबळी, छान दिसतात आणि त्यांच्यावरच्या सॉसमध्ये अँचोवी मासे विरघळलेले असतात. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध फाडणाऱ्या द्रव्याने) विरजलेलं असतं. तो चीजचा कायदेशीर नियमच आहे, हॉटेलवाल्याच्या हातात काही नाही. पन्ना कोत्ता या सायीच्या गोडात जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. आमच्या घरात यातल्या चीजकडे काणाडोळा करायचा आणि बाकीचं टाळायचं असा तह झाला आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना इथे आणूच नका, दोन्ही बाजूंचे हाल होतात.

लसणावरून आठवलं. थंडीत एका शुक्रवारी बान्या काउदा (लसणाचं गरम कालवण) होता, त्याची नावनोंदणी आठवडाभर आधी करावी लागली. माणशी लसणाचा एक गड्डा हे जुनं प्रमाण. आजी पाकळ्या दुधात उकळून थोड्या सौम्य करतात. लसूण, खारवलेले अँचोवी आणि ऑलिव्हचं तेल अगदी मंद आचेवर तासभर शिजून त्याची दाट, तपकिरी लापशी होते. ती प्रत्येकासमोर मातीच्या छोट्या भांड्यात येते, खाली मेणबत्ती जळत असते. मध्ये कच्च्या आणि उकडलेल्या भाज्यांचा ढीग: कोबी, ढोबळी, बीट, आणि कार्दो नावाचे सेलरीसारखे कडवट पांढरे देठ. बुडवायचं आणि खायचं, गप्पा मारायच्या, परत बुडवायचं. भांड्याच्या तळाशी थोडं उरलं की मुलगा त्यात अंडं फोडून देतो, तो शेवटचा घास. समुद्र नसलेल्या प्रांतात हे मासे कुठून, असं मला वाटायचं. डोंगरातल्या वाल माइरा खोऱ्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या खारवलेल्या अँचोवी गाडीवर घालून गावोगाव विकत, असं सूनबाईंनी सांगितलं. सोमवारपर्यंत शाकाहारी नवरा माझ्या जवळ बसला नाही हा भाग वेगळा.

तिखट मिळेल का या चिंतेत असणाऱ्यांना दिलासा: सूनबाईंचे वडील कालाब्रियाचे, म्हणजे दक्षिणेतल्या तिखटखाऊ प्रांताचे. पन्नास-साठच्या दशकांत फियाटच्या कारखान्यांसाठी दक्षिणेतून माणसांचे लोंढे ट्युरिनला आले, त्यातलेच ते. म्हणून गल्ल्यामागे तेलात बुडवलेल्या लाल मिरच्यांची बरणी असते. ती फळ्यावर नाही, मागावी लागते, आणि आजींच्या देखत मागू नये.

आमची ओळख वाढली ती मात्र भिंतीवरच्या एका फोटोमुळे. आजोबा, शेजारी फियाट ११००. हीच गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, पुढे ती प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, हे नवऱ्याने मोबाईलवर फोटो दाखवत सांगितलं. मुलाचा विश्वासच बसेना. त्याने आजींना हात पुसत बाहेर बोलावलं. तेव्हापासून पन्ना कोत्ताऐवजी आमच्यापुढे न सांगता बोनेत येतं: अंडी, दूध, कोको आणि आमारेत्ती बिस्किटांचा चुरा यांचं गार पुडिंग, रमचा वास असलेलं. जिलेटिन नाही, म्हणून दोघांनाही चालतं.

तक्रारी आहेतच. दुपारचा रिसोत्तो घेऊ नका; तो अर्धा शिजवून ठेवलेला असतो आणि ताटात येईपर्यंत गिचका होतो. संध्याकाळी तोच ऑर्डरनंतर करतात, तेव्हा वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा. टेबलं इतकी खेटून की शेजारच्यांचं भांडण आपल्याला पाठ होतं. कार्डाचं मशीन दर महिन्याला कधी ना कधी 'आजच बिघडलेलं' असतं, रोख जवळ असू द्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फळ्यावरचे दर आणि बिलातले दर दोन वेळा जुळले नाहीत. दाखवल्यावर सूनबाईंनी लगेच दुरुस्त केलं, पण बिल वाचूनच पैसे द्या.

खर्चाचं म्हणाल तर दुपारचं ठरलेलं जेवण, प्रिमो, सेकोंदो, पाणी आणि कॉफी धरून, चौदा युरो. रात्री दोघांचं, अर्धा लिटर घरच्या बार्बेरा वाइनसह, साठ-पासष्टच्या घरात जातं. माणशी दोन युरो कोपेर्तो लागतो. ते टेबलाचं आणि ब्रेडचं शुल्क, फसवणूक नव्हे. टिप अपेक्षित नाही. शरद ऋतूत जवळच्या अल्बाची पांढरी ट्रफल (जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी) आली की मुलगा ती टेबलाशी वजनकाटा आणून किसण्याआधी आणि नंतर तोलतो, ग्रॅमवर दर लावतो. आम्ही शेजारच्या टेबलावरचा वास घेऊन समाधान मानलं, पैसे वाचले.

रविवारी रात्री आणि सोमवारी बंद. ऑगस्टात तर येऊच नका: १५ ऑगस्टचा फेर्रागोस्तो धरून अख्खं कुटुंब तीन आठवडे कुलूप लावून समुद्रावर जातं. बाकीच्या महिन्यांत रात्रीसाठी आधी फोन करा. पलीकडून इंग्रजी ऐकू येणार नाही. "दुए पेर्सोने, आल्ले ओत्तो" एवढं म्हणा, म्हणजे दोन माणसं, आठ वाजता. आणि पावणेआठला पोचू नका, त्या वेळी ते सगळे स्वतः जेवत असतात.