बेलग्रेडचा संत सावा ह्राम : आधी तळघर, मग घुमट

सर्बियाच्या राजधानीतल्या व्राचार टेकडीवरच्या या ऑर्थोडॉक्स चर्चसाठी निदान दोन तास काढा. प्रवेश विनामूल्य. स्लाविया चौकातून चढ चालत दहाएक मिनिटे लागतात आणि १ जानेवारी २०२५ पासून शहरातल्या बस-ट्रामही मोफत आहेत. भारतीय पासपोर्टवर २०२३ पासून सर्बियाचा व्हिसा लागतो. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असेल तर त्यावरही जाता येते, पण नियम निघण्याआधी ताडून पाहा.

सर्ब लोक याला ‘ह्राम’ म्हणतात, म्हणजे मंदिर. संत सावा या सर्ब धर्मगुरूने १२१९ साली सर्ब चर्चला स्वायत्तता मिळवून दिली. पुढे ऑटोमन तुर्कांच्या अमलाविरुद्ध उठाव झाला, तेव्हा बंडखोरांच्या निशाणावर त्याचे चित्र होते, म्हणून १५९४-९५ च्या सुमारास ऑटोमन वजीर सिनान पाशाने त्याच्या अस्थी व्राचारवर जाळवल्या. नेमकी जागा हीच का, यावर इतिहासकारांत वाद आहे. काही जण जवळच्या ताश्मायदानचे नाव घेतात. पण देऊळ इथेच उभे राहिले. १९३५ मध्ये सुरू झालेले काम १९४१ च्या जर्मन आक्रमणात थांबले आणि थेट १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाले. ४,००० टनांचा घुमट जमिनीवर बांधून १९८९ मध्ये वर चढवला.

बहुतेक जण थेट घुमटाखाली जाऊन उभे राहतात. तसे करू नका, आधी तळघरात उतरा. तिथले चर्च राजपुत्र लाझारच्या नावाचे आहे. ऑटोमन सैन्याविरुद्धच्या १३८९ च्या कोसोवोच्या लढाईत तो मारला गेला, आणि सर्ब ती लढाई पराभव म्हणून स्मरतात. २०२० मध्ये वारलेले सर्ब चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क इरिनेई यांचे दफनही इथेच आहे. सोनेरी छताखाली, बुटक्या खांबांमधून फिरताना पराभवाची आठवण आणि प्रार्थना एकमेकींत कशा मिसळल्या आहेत ते कळते. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक यांची बोली जवळपास एकच. त्यांना वेगळे करतो तो धर्म: सर्ब ऑर्थोडॉक्स, क्रोएट कॅथलिक, बोस्नियाक मुस्लिम. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि इथे उभे राहून जाणवणे वेगळे.

मग वर या. घुमटातले ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचे मोझेक सुमारे १,२४८ चौरस मीटरचे आहे. ते २०१८ मध्ये खुले झाले आणि त्यामागे रशियन कंपनीचा पैसा आहे. भव्य आहे, पण नवे आहे. मध्ययुगीन चित्रकला हवी असेल तर मिलेशेवा किंवा स्तुदेनित्सा मठ गाठायला हवा.

खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. रविवारी सकाळी उपासना चालते, तेव्हा आत मोकळेपणी फिरता येत नाही. सर्ब चर्चमध्ये मेणबत्त्यांची जागा दोन थरांची असते: वरचा थर जिवंतांसाठी, खालचा गेलेल्यांसाठी. परके लोक इथेच चुकतात आणि घरी सुखरूप असलेल्या आईवडिलांसाठी खालच्या थरात मेणबत्ती लावतात. अंगावर क्रॉसची खूण करतात ती तीन बोटांनी, उजव्या खांद्याकडून डाव्याकडे. हीच तीन बोटे उंचावणे ही सर्ब राष्ट्रीय खूणही आहे. बोस्नियातल्या सारायेवोत किंवा कोसोवोतल्या प्रिश्टिनात फोटोसाठी ती करू नका, १९९० च्या दशकातल्या युद्धांच्या जखमा अजून ताज्या आहेत.

जमल्यास ६ जानेवारीच्या संध्याकाळी या. चर्चचे कॅलेंडर जुने, ज्युलियन असल्याने (ते आपल्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे चालते) तो नाताळचा आदला दिवस असतो आणि अंगणात ओकच्या फांद्या, ‘बाद्न्याक’, जाळतात. कुणी घरच्या ‘स्लावा’ला, म्हणजे कुळाच्या संताच्या सणाला, बोलावले तर नक्की जा. कुळाचा रक्षक संत बापाकडून मुलाकडे येतो. आपल्या कुलदैवताच्या रीतीशी हे फार जवळचे आहे. शिजवलेल्या गव्हाचा गोड पदार्थ, ‘झितो’, आधी चमचाभर घ्यायचा, मगच बाकीचे ताट.

एवढे पाहून थांबलात तर चित्र अर्धेच राहील. क्रुन्स्का रस्त्यावर विजेवर संशोधन करणाऱ्या निकोला टेस्लाचे संग्रहालय आहे. त्याचे वडील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होते. २०१४ मध्ये त्याच्या अस्थी ह्रामच्या आवारात हलवायचे ठरले, तेव्हा वैज्ञानिकाला चर्चच्या ताब्यात देऊ नका म्हणून बेलग्रेडकरांनी निषेध केला. अस्थी आजही संग्रहालयात, सोनेरी गोलात आहेत. शेवटी दोर्चोल भागातल्या बायराक्ली मशिदीकडे वळा. ऑटोमन काळातली शहरात उरलेली ही एकच मशीद. मार्च २००४ च्या दंगलीत तिला आग लावली गेली होती. ती दुरुस्त झाली आहे आणि आत नमाज होतो. चपला बाहेर काढायच्या.